किडनी आणि कान, दोन्हींचा एकच जनुक: एटीपी६व्ही१बी१ तपासणीविषयी माहितीपत्रक

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'डिस्टल आरटीए, जेनेटिक पॅनल' असं लिहिलेलं असतं. डिस्टल आरटीए म्हणजे किडनीला लघवीतून आम्ल नीट बाहेर काढता येत नाही असा आजार, आणि पॅनल म्हणजे त्यामागच्या जनुकांची एकत्र तपासणी. चिठ्ठी घेऊन आलेल्या आई-बाबांचा आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला: "बाळाला ॲसिडिटी आहे म्हणाले, तर एवढी महागाची टेस्ट कशाला?" रांगेत उभं राहून याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. घरी नेऊन निवांत वाचा आणि आजी-आजोबांनाही वाचून दाखवा. घरातले निम्मे प्रश्न त्यांचेच असतात.

ही पोटातली ॲसिडिटी नव्हे

छातीत जळजळ झाली की आपण पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेतो. ही गोळी जठरातला आम्ल सोडणारा प्रोटॉन पंप बंद करते. इथे ज्या पंपाबद्दल आपण बोलतोय तो किडनीतला आहे. त्याची घडण वेगळी आणि त्याची जनुकंही वेगळी. शिवाय तक्रार नेमकी उलटी आहे: हा पंप जास्त चालत नाही, चालायला हवा तेवढाही चालत नाही. त्यामुळे जळजळीच्या गोळ्यांचा या आजारात काही उपयोग नाही.

आपण जे खातो, विशेषतः प्रथिनं, त्यातून शरीरात रोज थोडं आम्ल तयार होतं. मोठ्या माणसात हे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १ मिलिइक्विव्हॅलंट असतं. वाढत्या मुलात वजनाच्या मानाने जास्त. कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे निघून जातो, हे आम्ल मात्र किडनीलाच लघवीतून बाहेर काढावं लागतं. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहायला हवा, आणि तो राखण्याचं शेवटचं काम किडनीच्या नलिकांच्या टोकाकडच्या भागातल्या काही खास पेशी करतात. इंटरकॅलेटेड पेशी म्हणतात त्यांना. लघवीच्या बाजूला असलेल्या त्यांच्या पडद्यावर हे पंप बसवलेले असतात.

पंप चालतो कसा

या पंपाचं नाव व्ही-एटीपीएज. डझनाहून अधिक प्रकारच्या प्रथिनांचे तुकडे जोडून तो बनतो. त्याचा एक भाग पेशीच्या आत असतो, दुसरा पडद्यात रुतलेला. आतल्या भागात 'ए' नावाचे तीन आणि 'बी' नावाचे तीन तुकडे एकाआड एक गोल मांडलेले असतात. तिथे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तुटतं आणि त्या जोरावर मधला दांडा फिरतो. दांड्याबरोबर पडद्यातलं कडं फिरतं आणि प्रोटॉन, म्हणजे आम्लाचे कण, पलीकडे लघवीत ढकलले जातात. विहिरीवरच्या मोटरीसारखंच हे, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक. दांड्याच्या एका पूर्ण फेरीला तीन एटीपी खर्च होतात.

'बी' तुकड्याचे माणसात दोन प्रकार आहेत. बी२ शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असतो आणि त्याचा जनुक ८ व्या गुणसूत्रावर आहे. बी१ मात्र मोजक्या ठिकाणीच: किडनीच्या या पेशी, अंतर्कर्ण आणि आणखी काही थोड्या जागा. या बी१ ची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे तोच एटीपी६व्ही१बी१. तो २ ऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे आणि त्यावरून ५१३ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. बी१ बिघडला तरी यकृत, मेंदू, स्नायू यांचं काम बी२ वर चालू राहतं. म्हणून बाळ जन्मतः अगदी ठीक दिसतं. त्रास सुरू होतो तो बी१ वर भिस्त असलेल्या दोन ठिकाणी, किडनीत आणि कानात. १९९९ मध्ये फियोना कॅरेट, रिचर्ड लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किडनीचा हा आजार आणि बहिरेपण एकत्र असलेल्या कुटुंबांत याच जनुकातले बदल शोधून काढले. त्याआधी दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात हे डॉक्टरांना ठाऊक होतं, पण त्यांचं मूळ सापडलेलं नव्हतं.

तुमच्या हातातला रक्ताचा रिपोर्ट

डॉक्टरांना संशय का आला, हे बहुतेक वेळा साध्या रिपोर्टमध्येच दिसतं. एक नमुना घेऊ. सोडियम १३८, क्लोराइड ११५, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) १३, पोटॅशियम २.६. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा करा: १० उरले. याला ॲनायन गॅप म्हणतात आणि १० हा आकडा नॉर्मल आहे. म्हणजे रक्तात बाहेरचं कुठलं वेगळं आम्ल शिरलेलं नाही. बायकार्बोनेट घटलं आणि त्याची जागा क्लोराइडने भरली. आता लघवीचा पीएच बघा: ७. रक्त एवढं आम्लधर्मी असताना धडधाकट किडनी लघवीचा पीएच ५.३ च्या खाली नेते. इथे तो ७ वर अडकलाय, कारण पंप आम्ल पलीकडे ढकलतच नाही.

जोराचे जुलाब झाल्यावरही रक्ताचे आकडे असेच दिसू शकतात. म्हणून डॉक्टर जुलाबांबद्दल खोदून विचारतात आणि लघवीची तपासणी पुन्हा करायला लावतात. लघवीचा नमुना ताजाच हवा. घरून बाटलीत भरून दोन तासांनी आणलेल्या नमुन्याचा पीएच आम्ही धरत नाही. चिडू नका, पुन्हा द्या.

साठलेल्या आम्लाची किंमत हाडं चुकवतात. ते शोषून घेण्यासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं आणि लघवीत उतरतं. लघवीतलं सायट्रेट, जे एरवी खडे होऊ देत नाही, तेही कमी होतं. त्यात लघवी अल्कधर्मी. मग कॅल्शियम फॉस्फेट किडनीतच साचायला लागतं, आणि सोनोग्राफीत 'नेफ्रोकॅल्सिनोसिस' असं लिहून येतं. मुलाचं वजन वाढत नाही, उंची खुंटते, सारखी तहान आणि सारखी लघवी, उलट्या, पाय वाकणं. पोटॅशियम फार उतरलं तर अंगातली ताकदच जाते. उभं राहता येत नाही, श्वासालाही त्रास होऊ शकतो. अशा वेळी लॅबमध्ये येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.

औषध साधंच आहे: सायट्रेट किंवा बायकार्बोनेटचं सिरप, बहुधा पोटॅशियमसह, दिवसातून अनेक वेळा विभागून आणि वर्षानुवर्षं. लवकर सुरू झालं आणि नियमित राहिलं तर मुलं छान वाढतात. साचलेलं कॅल्शियम मात्र सहसा परत विरघळत नाही, म्हणून उशीर नको. काही घरांत खायचा सोडा पाण्यात घालून देण्याचा प्रयोग होतो. तो करू नका. पोटॅशियम आधीच कमी असताना नुसता सोडा दिला तर ते आणखी खाली येऊ शकतं. कुठलं सिरप, किती आणि केव्हा, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

कानाकडे दुर्लक्ष होतं, आणि तेच आम्हाला सांगायचंय

सिरप सुरू झालं, वजन वाढायला लागलं की घरात सुटकेचा निःश्वास पडतो. कानाचा विषय मागे राहतो. पण औषधाने रक्तातलं आम्ल आटोक्यात आलं तरी कानावर त्याचा परिणाम होत नाही. अंतर्कर्णातल्या द्रवाचं संतुलन राखायला तिथला स्वतःचा पंप लागतो, आणि तो बिघडलेलाच असतो. एटीपी६व्ही१बी१ च्या बहुतेक रुग्णांत नसेचं बहिरेपण असतं, बऱ्याचदा जन्मापासून किंवा अगदी लहानपणी सुरू होणारं. "बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला होता" असं म्हणत दोन-तीन वर्षं निघून जातात, आणि भाषा शिकण्याचा नेमका काळ तोच असतो.

म्हणून डिस्टल आरटीएचं निदान झालेल्या प्रत्येक मुलाची ऐकण्याची तपासणी करून घ्या, जनुकाच्या रिपोर्टची वाट न बघता. लहान बाळाला झोपवून बेरा टेस्ट करतात, म्हणजे आवाज दिल्यावर कानाच्या नसेत आणि मेंदूत उठणारे संकेत मोजतात. त्यात बाळाने 'हो-नाही' म्हणायची गरज नसते. कानाचा स्कॅन केला तर 'व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट मोठा', म्हणजे अंतर्कर्णातली एक बारीक नळी नेहमीपेक्षा रुंद, असा शेरा येऊ शकतो. अशा मुलाला डोक्याला मार लागल्यावर ऐकू येणं एकदम कमी झाल्याचं आढळतं, म्हणून सायकलवर हेल्मेट घालाच. श्रवणयंत्र पुरत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट हा पर्याय असतो. लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून मदत मिळते, पण तिला वयाची अट आहे. ऐकण्याची तपासणी लवकर करण्याचं हेही एक कारण.

उलट बाजूही लक्षात असू द्या. मूल जन्मतः ऐकत नाही आणि अंगानेही धरत नाही, असं असेल तर डॉक्टरांना बायकार्बोनेट आणि पोटॅशियमबद्दल विचारा. जेनेटिक टेस्टच्या मानाने या तपासण्यांचा खर्च अगदी किरकोळ आहे.

आमची टेस्ट काय सांगते, काय नाही

आमची लॅब छोटी आहे. सिक्वेन्सिंगचं, म्हणजे जनुकाची अक्षरं वाचण्याचं, मशीन आमच्याकडे नाही. नमुना आम्ही घेतो, वाचन मोठ्या लॅबमध्ये होतं, आणि रिपोर्ट समजावून सांगायला आमचे समुपदेशक बसतात. पॅनलमध्ये एकटा बी१ चा जनुक नसतो. याच पंपाच्या दुसऱ्या तुकड्याचा एटीपी६व्ही०ए४ असतो (त्यातही ऐकणं बिघडू शकतं, कधी बरंच उशिरा), पेशीच्या दुसऱ्या बाजूने बायकार्बोनेट रक्तात परत सोडणाऱ्या प्रथिनाचा एसएलसी४ए१ असतो, शिवाय फॉक्सआय१ आणि डब्ल्यूडीआर७२.

कोणताही जनुक निघाला तरी सिरपचं औषध साधारण तेच राहतं. त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत औषध थांबवायचं नाही. मग टेस्टचा उपयोग काय? कानाबद्दल किती सावध राहायचं ते कळतं, भावंडांना लवकर तपासता येतं, आणि पुढच्या गरोदरपणाचा विचार करता येतो. यातलं काहीच तुमच्या उपयोगाचं नसेल तर टेस्ट आत्ताच करायची गरज नाही, असंही आम्ही सांगतो.

रिपोर्टमध्ये बदल 'पॅथोजेनिक', म्हणजे आजार घडवणारा, असा येऊ शकतो. उत्तर आफ्रिकेतल्या कुटुंबांत वारंवार सापडलेला एक बदल उदाहरण म्हणून घ्या: जनुकाच्या मजकुरात ११५५ व्या जागी 'सी' हे अक्षर एकदा जास्त पडतं. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. एक अक्षर वाढलं की तिथून पुढचे सगळे गट सरकतात आणि साखळी ३८६ व्या अमिनो आम्लापासून चुकत जाऊन लवकर तुटते. अशा बदलाबद्दल शंका राहत नाही. पण कधी कधी 'व्हीयूएस' येतं, म्हणजे बदल दिसला, पण तो दोषी की निरुपद्रवी हे आजच्या माहितीवर ठरत नाही. व्हीयूएसला आजार समजू नका, आणि त्यावर गरोदरपणाचे निर्णय तर अजिबात घेऊ नका. वर्ष-दोन वर्षांनी असे रिपोर्ट पुन्हा तपासून घेता येतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही, असंही नाही. लक्षणं आणि रक्ताचे आकडे खरे असतील तर उपचार चालूच राहतील.

दोष कुणाचा?

कुणाचाच नाही. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच बी१ चा हा आजार होतो. एकच बिघडलेली असेल तर ती व्यक्ती वाहक, आणि वाहक सहसा ठणठणीत असतात. आई-बाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, बाळ वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती चांगल्या येण्याची २५ टक्के. "पहिल्याला झालं, आता पुढचे तीन सुटले" हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी गणित पहिल्यापासून. ग्रहण, डोहाळे, गरोदरपणात खाल्लेलं-न खाल्लेलं, यांचा काही संबंध नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरांना आम्ही मुद्दाम आई-वडील दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवून दाखवतो.

आपल्याकडे अनेक घरांत मामाच्या मुलीशी लग्न होतं. एकाच आजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत दोघांकडेही असण्याची शक्यता अशा जोडप्यात जास्त असते. असं नातं असेल तर समुपदेशकांना मोकळेपणाने सांगा. नात्याबाहेरच्या लग्नातही हा आजार दिसतो.

घरातले दोन्ही बदल नक्की कळलेले असतील तर पुढच्या गरोदरपणात नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी होऊ शकते. ती आमच्याकडे होत नाही. आणि गर्भाचं लिंग कुठेही सांगितलं जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे. कृपया विचारू नका.

नमुना द्यायला येताना

जांभळ्या झाकणाच्या नळीत २ ते ३ मिली रक्त लागतं. उपाशीपोटी यायची गरज नाही. बाळाला रक्त चढवलं असेल तर केव्हा, ते आधी सांगा. चालू औषध सकाळी नेहमीप्रमाणे द्या. रक्त-लघवीचे आकडेही त्याच दिवशी पाहायचे असतील तर औषधाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. शक्यतो आई-वडील दोघंही या, म्हणजे दोघांचे नमुने एकदमच घेता येतात आणि वेगळी फेरी वाचते. संमतीपत्र मराठीत आहे, वाचून मगच सही करा.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नुसता पाठवा, असा आग्रह धरू नका. समुपदेशकांशी बोलणं झालं की प्रत हातात मिळेल. येताना जुन्या तपासण्यांची फाईल, सोनोग्राफी, कानाचे रिपोर्ट आणि सध्या चालू असलेल्या सिरपची बाटली घेऊन या. एकाच नावाच्या सिरपमध्ये सायट्रेटचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं असू शकतं, म्हणून बाटलीवरचं लेबल आम्हाला बघावं लागतं.