डग्ग्याचा घुमारा गेला कुठे?

जुन्या तबकड्यांची हौस परत आली आहे आणि तिच्या मागोमाग एक तक्रारही. हौसेनं टर्नटेबल आणलं, घरच्या ऑडिओ मिक्सरला जोडलं, माळ्यावरची एलपी लावली, तर आवाज अगदीच मरतुकडा. फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर ढकलला तरी तबल्याचा ‘ना’ कानाला टोचतो आणि डग्ग्याचा घुमारा गायब. मग सगळे म्हणतात, ‘रेकॉर्ड झिजली.’ बहुतेकदा रेकॉर्ड ठणठणीत असते. वायर भलत्याच भोकात खुपसलेली असते.

मिक्सरच्या मागची भोकं दिसायला सारखी, पण प्रत्येकाची भूक वेगळी. कीबोर्ड किंवा मोबाइल लाइन इनपुटला काही दशांश व्होल्ट ते एखादा व्होल्ट देतो. साधा डायनॅमिक माईक जेमतेम काही मिलिव्होल्ट देतो. कंडेन्सर माईकला उलट मिक्सरनंच ४८ व्होल्ट पुरवावे लागतात. इलेक्ट्रिक गिटारला डीआय बॉक्स (तिचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावला की काम झालं. टर्नटेबलच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेली डबी, जिच्यात चुंबक हलतो) निघतात साधारण ५ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास माईकइतकेच. मग माईकच्या इनपुटला का जोडू नये? जोडून बघा. आवाज मोठा होतो, पण घुमारा येत नाही. शिवाय या कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार, म्हणजे समोरच्या इनपुटचा रोध, लागतो. माईक इनपुट दोनेक किलोओहमचं असतं, त्यामुळे वरचे स्वरही दबतात.

घुमारा मुळात तबकडीवरच कमी कोरलेला असतो, आणि तो मुद्दाम.

सुईच्या दांडीला एक इवलासा चुंबक असतो आणि शेजारी तारेची वेटोळी. फॅरडेचा नियम शाळेत शिकलो तोच: चुंबक हलला की तारेत विजेचा दाब (व्होल्टेज) निर्माण होतो. पण हा दाब चुंबक *किती* हलला यावर नाही, *किती वेगानं* हलला यावर ठरतो. समजा १००० हर्ट्झच्या स्वराला सुई जास्तीत जास्त सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगानं हलते. तेव्हा ती मधल्या रेषेपासून जेमतेम ८ मायक्रोमीटर सरकते. तोच वेग ५० हर्ट्झला हवा असेल, तर झोका वीसपट मोठा, १६० मायक्रोमीटर. एलपीवर शेजारच्या दोन खाचांत अंतर असतं सुमारे १०० मायक्रोमीटर. म्हणजे डग्ग्याच्या एका दणक्यात खाच शेजारणीच्या घरात घुसणार!

म्हणून कोरतानाच खालचे स्वर दाबतात आणि वरचे उचलतात. कारण वरच्या स्वरांचा झोका इतका बारीक, की तो धुळीच्या खरखरीत हरवतो. किती दाबायचं, किती उचलायचं हे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं १९५४ मध्ये ठरवलं. तोच आरआयएए वक्र पुढे जगभर चालला. त्याचे तीन कोपरे, म्हणजे उतार बदलण्याच्या जागा, अंदाजे ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झला. ५० हर्ट्झचा स्वर सातपट कमी केला, की १६०चे २३ मायक्रोमीटर होतात आणि खाच आपल्या हद्दीत राहते.

वाजवताना हे सगळं उलटं फिरवावं लागतं. ते काम फोनो प्रीअँप (टर्नटेबलसाठीचा छोटा अँप्लिफायर) करतो: १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झ नऊपट वर, २० हजार हर्ट्झ नऊपटीहून जास्त खाली. आत असतात मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर. मिक्सरचा बेसचा नॉब कितीही पिळला तरी हा लांबलचक उतार त्याला जमत नाही.

‘आमच्या वेळी थेट रेडिओला जोडायचो’ असं घरातले वडीलधारे सांगतात, तेही खरंच आहे. त्या प्लेअरमध्ये स्फटिकाची कार्ट्रिज असायची. स्फटिक किती वाकला यावर दाब ठरतो, वेगावर नाही. त्यामुळे वक्र आपोआप बराचसा जुळायचा आणि शेकडो मिलिव्होल्ट मिळायचे.

या जागी दुकानदार हजारो रुपयांची केबल पुढे करतो. तिच्यावर बाण छापलेला, ‘करंट या दिशेनं’. ध्वनीचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, तो बाण वाचणार कधी? या कार्ट्रिजच्या बाबतीत केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण, तो लांबीबरोबर वाढतो) तेवढा बघावा, म्हणजे थोडक्यात केबल आखूड ठेवावी.

डीजे मिक्सरवर ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असा खटका असतो, टर्नटेबल फोनोवर ठेवायचं. काही नव्या टर्नटेबलांत प्रीअँप आतच असतो. तो चालू असेल तर मात्र मिक्सर लाइनवर ठेवा, नाहीतर वक्र दोनदा उलटतो आणि डग्गा ढोल होतो. टर्नटेबलच्या मागून निघालेली सुटी बारीक वायर मिक्सरच्या ग्राउंड स्क्रूखाली आवळायला विसरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि प्रीअँप नेमका तोच स्वर सातपट उचलतो. वायर सैल राहिली तर गाण्याआधी ‘हूंऽऽ’ ऐकू येईल.