बिलिंगच्या स्क्रिप्टमधे आर्ग्युमेंटची नावं कशी लिहायची

इंदूरच्या सियागंज आणि क्लॉथ मार्केटमधले आपले बरेच ग्राहक आता बिलिंगच्या छोट्या स्क्रिप्ट स्वतःच पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहितात, म्हणून हे पत्रक.

आमचं बिलाचं फंक्शन असं वापरायचं:

बिल_बनवा("पार्टीचं नाव", रक्कम=1200, सूट=50)

रक्कम आणि सूट ही कीवर्ड आर्ग्युमेंटची नावं, म्हणजे फंक्शनला नाव लिहून दिलेल्या माहितीची. नाव लिहिलंत की क्रम कुठलाही चालतो. पण नाव न लिहिता नुसतं 50, 1200 टाकायची सोय असती तर ५० च्या बिलावर १२०० ची सूट लागली असती आणि पायथन काहीच बोललं नसतं, त्याच्यासाठी दोन्ही नुसते आकडे! म्हणून फंक्शनच्या व्याख्येत आम्ही रक्कमच्या आधी एक स्टार (*) टाकलाय, आता ही नावं लिहिल्याशिवाय बिल बनतच नाही. टायपिंग थोडं वाढतं, पण पैशाचं काम आहे, एवढं हवंच.

तुमच्या स्वतःच्या फंक्शनमधे नावं देवनागरीत ठेवा, पायथन ३ मधे बिनधास्त चालतात. स्पेस आणि डॅश नको, सुरुवात आकड्याने नको, अंडरस्कोर चालतो. माहिती आणि माहीती ही दोन वेगळी नावं धरली जातात. आणि रकमेचे आकडे इंग्रजीच लागतात, १२०० लिहिलं की एरर.

सगळ्यात जास्त अडतं ते व्यापाऱ्याचं_नाव अशा नावात. काही कीबोर्ड त्या अर्ध्या र नंतर एक न दिसणारं जोडणारं कॅरेक्टर टाकतात, स्क्रीनवर शब्द एकदम बरोबर दिसतो पण पायथन ते नावात घेत नाही आणि माणूस तासभर शोधत बसतो. खाली टिंब असलेला ऱ घेऊन टाइप करा, चालेल.

रिपोर्टसाठी फ्रॉम (from) हे इंग्रजी नाव ठेवता येत नाही, तो पायथनचा राखीव शब्द आहे. शेवटी अंडरस्कोर लावा किंवा आमच्यासारखं तारीख_पासून ठेवा. राखीव शब्द वाढतातही, २०१८ मधे पायथन ३.७ ने असिंक (async) राखीव केला आणि ज्या लायब्रऱ्यांमधे, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमधे, त्या नावाचं आर्ग्युमेंट होतं त्या चालेनाशा झाल्या.

आम्ही नाव बदललं तर जुनं नाव वर्षभर चालू राहील, फक्त वॉर्निंग दिसेल.

एरर आली तर ती ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, स्क्रीनचा फोटो नको, फोटोत ते न दिसणारं कॅरेक्टर आम्हालाही सापडत नाही.