खुराड्यातून घरात

१९७०च्या दशकाच्या मध्यावर बॉस्टनजवळच्या एका शेतावर ३०० पिल्लं आणली गेली. निम्म्यांना नेहमीचं खाद्य मिळणार होतं. उरलेल्या निम्म्यांनाही तेच खाद्य, फक्त त्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक थोडंसं मिसळलेलं. आजार बरा करायला जेवढं लागतं त्याहून कितीतरी कमी. पिल्लं आजारी नव्हतीच मुळी.

शेतावर मुलाबाळांसकट एक मोठं कुटुंब राहत होतं. टफ्ट्स विद्यापीठातल्या डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी या मंडळींना जे काम लावून दिलं ते चारचौघांत सांगायला जरा अवघडच: दर आठवड्याला आपल्या शौचाचा नमुना द्यायचा. शेजारच्या घरांतूनही तसेच नमुने गोळा होत, आणि कोंबड्यांचे तर होतच. प्रयोगशाळेत त्या नमुन्यांतले जीवाणू वाढवायचे आणि त्यातले किती टेट्रासायक्लिनला (ऑक्सिटेट्रासायक्लिन याच कुळातलं) दाद देत नाहीत ते मोजायचं. महागडं यंत्र नाही की गुंतागुंतीचं गणित नाही. गंमत म्हणजे या प्रयोगाला पैसा पुरवला होता तो जनावरांची औषधं बनवणाऱ्या अमेरिकी कंपन्यांच्या संघटनेनं. खाद्यातल्या औषधानं माणसाला काही होत नाही, हे एकदाचं सिद्ध होऊन जाऊ दे, असा त्यांचा हिशेब असावा.

आठवड्याभरातच औषधाचं खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यातले, मोजणीत आलेले जवळपास सगळे जीवाणू टेट्रासायक्लिनला जुमानेनासे झाले. इथवर नवल काही नाही. औषधाच्या पहाऱ्यात जो तगतो त्याचीच पिलावळ वाढते. पण मग हळूहळू, खाद्याच्या पोत्याशी ज्यांचा संबंध नेण्या-उचलण्यापुरताच होता, त्या माणसांचे नमुने बदलायला लागले. पाच-सहा महिन्यांनी शेतावरच्या माणसांच्या ३१.३ टक्के नमुन्यांत ८० टक्क्यांहून जास्त जीवाणू टेट्रासायक्लिनला न जुमानणारे निघाले. शेजाऱ्यांकडे असे नमुने होते ६.८ टक्के. शिवाय हे जीवाणू एकट्या टेट्रासायक्लिनवर थांबले नव्हते. जी औषधं त्या खाद्यात कधी नव्हतीच, त्यांनाही ते दाद देईनात.

लेव्हींनी १९७६ साली हे प्रसिद्ध केलं. औषध कोंबडीनं खाल्लं, आणि ते पचवण्याची ताकद आली माणसाच्या पोटातल्या जंतूंना. हे झालं कसं, ते पाहण्याआधी मुळात धडधाकट कोंबडीला औषध चारायची कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली, ते सांगायला हवं.

ती निघाली चोथ्यातून. १९४८-४९च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे दोघे बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. त्याच कंपनीत ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिनच्या कुळातलं प्रतिजैविक तयार व्हायचं आणि औषध काढून घेतल्यावर मागे जीवाणूंचा रबडा उरायचा. त्यात बी-१२ असतं, म्हणून तो पिल्लांना घालून पाहिला. पिल्लं अपेक्षेपेक्षा जास्तच फुगली. बी-१२च्या हिशेबात ही वाढ बसेना. चोथ्यात राहून गेलेलं औषध हे काम करत होतं. त्याच खाद्यात पिल्लू लवकर वजनावर येणार असेल तर कोण नको म्हणेल? बघता बघता कोंबड्या, डुकरं, वासरं, सगळ्यांच्या खाद्यात चिमूटभर प्रतिजैविक ही रीतच पडून गेली.

जंतूंना तर यापेक्षा बरी तालीम मिळाली नसती. पुरता डोस दिला की बहुतेक जंतू मरतात आणि उरलेल्यांचा निकाल शरीर लावतं. चिमूटभर औषध महिनोन् महिने मिळालं की ना मरण, ना आराम. हजारो पक्ष्यांच्या आतड्यांत अब्जावधी जीवाणू त्या सौम्य धारेखाली राहतात, आणि ज्याच्याकडे तोड असते त्याला मैदान मोकळं मिळतं.

आता कोंबडीपासून माणसापर्यंतचा तो प्रवास. याचं उत्तर लेव्हींना आधीपासून माहीत होतं, कारण विद्यार्थी असताना ते टोकियोत त्सुतोमू वातानाबे यांच्या प्रयोगशाळेत काम करून आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये जुलाब-आवेचा, म्हणजे शिगेला या जीवाणूचा, मोठा उपद्रव होता. १९५०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना असे शिगेला सापडायला लागले जे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदमच दाद देत नव्हते. एकेक करून चार बदल घडायचे तर किती काळ लागेल! इथे चौघांचं गाठोडंच मिळालेलं दिसत होतं. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ते खरोखर गाठोडंच आहे. औषधांना पुरून उरलेला ई-कोलाय (आतड्यात राहणारा एक जीवाणू) आणि साधा शिगेला एका नळीत ठेवले, तर शिगेलाही औषधांना पुरून उरतो. एका जातीच्या जीवाणूनं दुसऱ्या जातीच्या जीवाणूला आपली विद्या देऊन टाकलेली असते.

या गाठोड्याला प्लाझ्मिड म्हणतात. जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळं असं डीएनएचं छोटं कडं. दोन जीवाणू जवळ आले की त्याची नक्कल करून ते दुसऱ्याला देता येतं. आपल्याकडे वारशाची जमीन आईबापांकडून मुलामुलींकडे जाते. जीवाणूंचा सातबारा असा की शेजाऱ्याच्या, परक्याच्या, अगदी परजातीतल्याच्या नावावरही तो चढतो. टेट्रासायक्लिन पंपून बाहेर फेकणारा जनुक आणि दुसऱ्या एखाद्या औषधाचा तुकडा पाडणारा जनुक एकाच कड्यावर शेजारी बसलेले असतील, तर टेट्रासायक्लिन चारत राहिलं तरी दुसरा आपोआप पोसला जातो. लेव्हींच्या शेतावर न दिलेल्या औषधांविरुद्धची ताकद आली ती अशी. कोंबडीची विष्ठा, हात, बूट, धूळ, अंडी गोळा करायची टोपली… जंतूला वाट शोधावी लागत नाही, आपणच ती रोज चालत असतो.

लेव्हींच्या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र शेवटी घडली. औषधाचं खाद्य बंद केलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर शेतावरच्या तपासलेल्या १० जणांपैकी ८ जणांच्या नमुन्यांत टेट्रासायक्लिनला न जुमानणारे जीवाणू सापडेनासे झाले होते. गाठोडं वाहायला जंतूलाही थोडा खर्च येतो. गरज संपली की ते टाकून देणारा, किंवा मुळात न वाहणारा, पुढे निघून जातो. पण दोघांच्या बाबतीत ते पूर्ण गेलं नव्हतं, हेही लक्षात ठेवू.

हाच प्रयोग पुढे चाळीस वर्षांनी, एका अख्ख्या देशाच्या आकारावर, पुन्हा झाला. औषध होतं कॉलिस्टिन.

कॉलिस्टिन हे जपानमध्ये १९४९-५०च्या सुमारास मातीतल्या जीवाणूपासून मिळालेलं औषध. त्याची मारायची तऱ्हा रांगडी आहे. ई-कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो आणि कॉलिस्टिनवर धन. ते आवरणाला जाऊन चिकटतं, आवरण सांधून धरणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कण हुसकावून लावतं आणि भिंतीला भोकं पाडतं. मात्र माणसाच्या मूत्रपिंडालाही ते सोसत नाही, म्हणून कमी त्रासाची औषधं आल्यावर डॉक्टरांनी ते बाजूला ठेवून दिलं. माणसांच्या दवाखान्यात नको असलेलं हे स्वस्त औषध मग डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात गेलं. पुढे रुग्णालयांतले जंतू कार्बापेनेमसारख्या जबर औषधांनाही बधेनात, तेव्हा अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना हे जुनं हत्यार पुन्हा काढावं लागलं. माणसासाठी शेवटचा उपाय आणि डुकरासाठी रोजचा खुराक, अशी अवस्था होऊन बसली.

तोवर एक दिलासा होता: कॉलिस्टिनविरुद्धची ताकद जंतूच्या मुख्य गुणसूत्रातल्या बदलामुळे येते, ती इकडून तिकडे देता येत नाही, असंच सगळे मानत होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी तो काढून घेतला. शांघायमधल्या एका डुक्करपालन केंद्रातल्या ई-कोलायमध्ये त्यांना प्लाझ्मिडवर बसलेला एमसीआर-१ हा जनुक सापडला. हा जनुक एक विकर (एन्झाइम) बनवतो, आणि ते विकर जीवाणूच्या आवरणावर असा रेणू जोडतं की त्यावरचा ऋणभार कमी होतो. कॉलिस्टिनला चिकटायला जागाच उरत नाही. मग त्यांनी इतरत्र शोधलं. जनावरांकडून मिळालेल्या ८०४ ई-कोलायपैकी १६६ मध्ये तो होता, कच्च्या मांसातल्या ५२३ पैकी ७८ मध्ये होता, आणि रुग्णालयातल्या रुग्णांकडच्या १,३२२ जीवाणूंपैकी १६ मध्ये. जनावरांत खूप, माणसांत थोडा. या उतरत्या आकड्यांवरून प्रवासाची दिशा कुणालाही कळावी. जगभरच्या प्रयोगशाळांनी मग आपापल्या शीतकपाटांतले जुने नमुने बाहेर काढले, आणि देशोदेशी तो निघाला. चीनमध्येच १९८०च्या दशकात कोंबड्यांकडून घेतलेल्या नमुन्यांतही सापडला. तीसेक वर्षं तो गुपचूप होता, कुणी पाहिलंच नव्हतं.

चीननं ३० एप्रिल २०१७ पासून वाढीसाठी खाद्यात कॉलिस्टिन मिसळायला बंदी घातली. २०१५ साली तिथे कॉलिस्टिनच्या खाद्य-मिश्रणाचं उत्पादन २७,१७० टन होतं, ते २०१८ साली २,४९७ टनांवर आलं. डुकरांमध्ये कॉलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई-कोलायचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर उतरलं, कोंबड्यांमध्ये १८.१ वरून ५ टक्क्यांवर. ग्वांगझो शहरामध्ये आतड्यात एमसीआर-१ बाळगणारी माणसं २०१६ साली १४.३ टक्के होती, २०१९ साली ६.३ टक्के. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या लवकर. एरवी या विषयावरचं कुठलंही भाषण ऐकलं की आता सगळं हाताबाहेर गेलं असं वाटून माणूस घरी जातो, म्हणून हे आकडे मी मुद्दाम पूर्ण दिले. पण शून्य झालं नाही, हे लेव्हींच्या शेतावरच्या त्या दोघांसारखंच.

भारताच्या आरोग्य मंत्रालयानं जुलै २०१९ मध्ये दुभती व मांसाची जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यपालन यांच्यासाठी कॉलिस्टिनचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं. वेष्टनावर तसा इशारा छापणंही सक्तीचं झालं. चांगलाच निर्णय. पण म्हणून सगळं खापर कोंबडीवर फोडणं मला पटत नाही. आपल्या रुग्णालयांत कॉलिस्टिनला न बधणारा क्लेबसिएला सापडतो तेव्हा त्यामागे बहुतेकदा एमसीआर नसतो. जंतूच्या स्वतःच्या गुणसूत्रातला एमजीआरबी नावाचा जनुक मोडलेला असतो, आणि तो रुग्णालयातच, औषधाच्या माऱ्याखाली मोडतो. जीवाणूंच्या औषधरोधामुळे जगात २०१९ साली थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. यातले किती गोठ्याच्या नावावर आणि किती दवाखान्याच्या, अशी वाटणी करायला जावं तर प्लाझ्मिड आडवं येतं. ते कुठून निघालं याची पावती त्याच्याजवळ नसते. पशुवैद्य एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे आणि सांडपाणी तपासणारे तिसरीकडे बसून हे जमायचं नाही, म्हणून 'वन हेल्थ' हा शब्द सध्या चलनात आहे. नागपूरला याच नावाच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

खाद्यातलं औषध थांबवणं त्यातल्या त्यात सोपं, कारण ते कारखान्यात मिसळलं जातं. गोठ्यातलं अवघड. आपल्याकडे गाईला दगडी होते. कास सुजते, हात लावू देत नाही, एखाद्या सडातून पहिल्या धारेबरोबर दह्याच्या कणांसारख्या गाठी येतात. हे आजारपण खरंच औषध मागतं, त्यात लबाडी काही नाही. सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात, वर इंजेक्शन देतात. त्या ट्यूबच्या खोक्यावर, इतके दिवस हे दूध वापरू नये, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बाकीच्या तीन सडांचं दूध पांढरंशुभ्र दिसतं, घरात डेअरीच्या पगारावर हप्ते ठरलेले असतात, आणि कॅन तर रोज भरायचाच असतो.

असं दूध घरी आलं तर कधीकधी आपल्याला कळतंही. रात्री विरजण लावलं, दूध कोमट होतं, विरजणही कालचंच ताजं, आणि सकाळी पातेल्यात नुसतं पातळ दूध. विरजणातले जीवाणू पेनिसिलिनसारख्या औषधांना फार हळवे असतात. आमच्याकडे एकदा लागोपाठ दोन दिवस असं झालं तेव्हा आईनं आधी थंडीला नावं ठेवली, मग विरजणाला, आणि शेवटी म्हणाली, "दुधातच काहीतरी आहे." डेअरीतली तपासणी याच तत्त्वावर चालते. कुपीत औषधांना हळवे जीवाणू आणि जांभळा रंग असतो. त्यात दुधाचे थेंब टाकून ती उबेला ठेवायची. जीवाणू वाढले की आंबटपणानं रंग पिवळा होतो. जांभळाच राहिला तर दुधात औषध आहे. टँकर परत जातो.

सुज्ञ शेतकरी मुळात ते दूध डेअरीला पाठवतच नाही. आजारी गाईचं वेगळं काढून ठेवतो. पण इतक्या कष्टाचं दूध गटारात ओतवत नाही. ते वासराला पाजतात.