अभ्यासकांचा रेडिओ : इतिहासाला मुभा, वर्तमानाला मनाई

खासगी एफएमवर एखादा इतिहासकार पानिपतच्या मोहिमेबद्दल तासभर बोलू शकतो. त्याच गप्पांत निवेदकाने आजच्या आरक्षणाच्या वादाचा विषय काढला, तर वाहिनीचा परवाना अडचणीत येऊ शकतो. ही सीमारेषा १९९९च्या धोरणाने आखली, पण तिच्यामागची सवय बरीच जुनी आहे.

दुसऱ्या महायुद्धात लंडनहून हिंदुस्थानसाठी प्रसारण होई. तिथे १९४१ ते १९४३ या काळात नोकरीला असलेल्या एका इंग्रज कादंबरीकाराने कवी, प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ यांना मायक्रोफोनसमोर आणले. त्याने लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीतही भाषांतरित होऊन जात. शब्द न् शब्द आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. युद्ध संपले, तरी मजकूर आधी तपासण्याची रीत आपल्याकडे टिकली. आकाशवाणीचे करारपत्र आले की प्राध्यापकमहाशय दहा मिनिटांचे भाषण लिहून आधी पाठवीत, मग स्टुडिओत जाऊन तेच वाचून दाखवीत. १९५०च्या दशकात मराठीतले नामवंत लेखकच केंद्रांवर निर्माते म्हणून आले, तेव्हा भाषणाला गप्पांची कळा आली. सरदार पटेल स्मृती व्याख्याने सुरू झाली तीही १९५५ साली.

१९६७च्या निवडणुकीनंतर अनेक राज्यांत काँग्रेसेतर सरकारे आली. आकाशवाणीवरच्या मंत्र्यांच्या भाषणातले काय ठेवायचे आणि काय गाळायचे यावरून खटके उडू लागले. त्याच सुमारास प्रसारणाची आचारसंहिता ठरली : मित्रराष्ट्रांवर टीका नको, पक्षाचे नाव घेऊन हल्ला नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाने टीका नको. ती वाचून शहाण्या वक्त्याने काय करावे? शिवकालीन महसुलावर बोलावे, यंदाच्या ऊसदरावर नाही. आणीबाणीत ही संहिताही बाजूला पडली. आकाशवाणीला स्वायत्तता देण्याच्या शिफारशी १९६६ आणि १९७८ मध्ये झाल्या, त्यासाठीचा प्रसार भारती कायदा १९९०चा, तो अमलात आला १९९७ साली.

दरम्यान प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला होता. त्याचा अर्थ मोकळीक असा अनेकांनी घेतला. प्रत्यक्षात १९९९च्या धोरणाने खासगी एफएमला गाणी दिली आणि 'बातम्या व चालू घडामोडी' काढून घेतल्या. ४० शहरांतल्या १०८ वाहिन्यांचा लिलाव झाला, एकट्या मुंबईचा वार्षिक परवाना ९.७५ कोटींवर गेला, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. एवढे पैसे मोजणारा संध्याकाळी सातला इतिहासाचा प्राध्यापक कशाला बसवेल? त्यामुळे सगळा दोष बंदीवर टाकणे बरोबर नाही. पण २००५ मध्ये शुल्काची जागा उत्पन्नातल्या ४ टक्के वाट्याने घेतली, ओझे हलके झाले, आणि बंदी मात्र जागच्या जागी राहिली.

खासगी एफएमच्या विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्यात, २०११ साली, थोडी सूट मिळाली. आकाशवाणीच्या बातम्या एक शब्दही न बदलता लावता येतील, एवढीच. वाहतूक, हवामान, खेळ, परीक्षांचे निकाल, सांस्कृतिक कार्यक्रम हे 'बातमी' धरले जाणार नाही, असेही ठरले. या यादीत इतिहास नाही, साहित्यही स्वतंत्रपणे नाही. दोन्ही 'संस्कृती'च्या खिडकीतून आत येतात. मग नवे पुस्तक घेऊन आलेल्या लेखकाला त्यातल्या शेतकरी आत्महत्यांबद्दल विचारले, तर ते साहित्य की चालू घडामोडी? अशा ठिकाणी वाहिन्या स्वतःच आवंढा गिळतात.

२०१३ मध्ये एका स्वयंसेवी संस्थेने या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. सरकारी बाजू अशी की शेकडो वाहिन्यांवर लक्ष ठेवायची यंत्रणा नाही, देशविघातक मंडळी गैरफायदा घेतील. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही. २००७-०८ मध्ये मराठीतच चोवीस तास बातम्यांच्या दूरचित्रवाहिन्या सुरू झाल्या होत्या, रोज रात्री त्यांवर काय चालते ते घराघरांत दिसते. तरी धोका स्वस्त आणि बहुतेक वेळ गाणी वाजवणाऱ्या माध्यमातच दिसावा! सामुदायिक रेडिओवरही हेच बंधन घातले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये दूरसंचार नियामकाने खासगी एफएमला दर तासाला जास्तीत जास्त दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल, असे सांगितले.

तोवर गप्पा पॉडकास्टवर गेल्या. तिथे परवाना लागत नाही, आधी भाषण पाठवावे लागत नाही, आणि दीड तास कोणी थांबवतही नाही. मोडी कागद वाचणारे संशोधक आणि ऐकीव दंतकथा रंगवणारे हौशी तिथे एकाच रांगेत बसलेले दिसतात, मधे हटकणारा निर्माता नसतो. आकाशवाणीच्या केंद्रांवर तो माणूस होता, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करायला हरकत नाही.