अल्बम डिझाईनचं सॉफ्टवेअर निवडणं

लग्नाचे किंवा पोर्ट्रेटचे निवडलेले फोटो पानांवर लावून अल्बम छापणाऱ्या लॅबला पाठवता येतील अशा फायली बनवायला खास सॉफ्टवेअरं मिळतात, त्यातलं आपल्या कामाला कुठलं बसेल ते ठरवणं हा या नोंदीचा विषय. फोटोशॉप येतंय मग वेगळं कशाला, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि तो काही चुकीचा नाही, कारण अल्बममध्ये फोटोशॉपला जमत नाही असं काहीच नाही. फरक पडतो तो वेळेत, आणि त्यातही पहिल्यांदा पानं लावतानाच्या वेळेत कमी, नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये जास्त. निवड करताना लोक टेम्प्लेट (पानांच्या तयार मांडण्या) किती हजार मिळतात ते बघतात, खरं तर बघायचं असतं की एक फोटो काढून दुसरा घातला तर पान आपोआप सावरतं की पुन्हा पहिल्यापासून बसायला लागतं.

फोटोशॉप १९९० मध्ये आलं, त्यात लेयर (एकावर एक चढवायचे चित्राचे थर) १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि ते मुळात एका चित्रावर काम करायचं साधन आहे, चाळीस पानांचा क्रम सांभाळायचं नाही. म्हणजे प्रत्येक स्प्रेडची (अल्बम उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं मिळून) वेगळी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाईल, प्रत्येक फोटोला चौकटीत बसवणारा क्लिपिंग मास्क, आणि सातव्या स्प्रेडवरचा फोटो चुकून अकराव्यावर पण लागलाय हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, ते अल्बम छापून आल्यावर घरातल्या कुणाला तरी दिसतं. खास सॉफ्टवेअर (फंडी डिझायनर, पिक्सेलूचं स्मार्टअल्बम्स, डीजीफ्लिकचं अल्बम एक्सप्रेस वगैरे) पूर्ण अल्बम एकच फाईल म्हणून धरतं, फोटो उचलून पानावर टाकले की मांडणी सुचवतं. इनडिझाईन, म्हणजे अ‍ॅडोबीचं पुस्तकं-मासिकं मांडायचं सॉफ्टवेअर, या दोघांच्या मधलं, पानं छान सांभाळतं पण फोटोग्राफरला शिकायला कंटाळा येतो. फोटो निवडून सुधारायच्या लाइटरूममध्ये (आताचं लाइटरूम क्लासिक) २०१२ च्या चौथ्या आवृत्तीपासून पुस्तक लावायचं बुक मॉड्यूल आहे, मात्र त्यातले आकार ब्लर्ब या छपाई कंपनीच्या पुस्तकांचे, त्यामुळे लॅबचा आकार वेगळा असला की गाडी तिथेच अडते.

आकाराचं गणित आधी करून घ्यावं, सॉफ्टवेअरच्या आधी. समजा १२ बाय ३६ इंचाचा स्प्रेड आहे. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) तो ३६०० बाय १०८०० पिक्सेल होतो, म्हणजे ३ कोटी ८८ लाख पिक्सेल, नुसत्या एका सपाट लेयरला मेमरीत साधारण ११६ एमबी, वर लेयर चढवत गेलात की कॉम्प्युटर का धापा टाकतो ते कळेल. बहुतेक अल्बम सॉफ्टवेअर काम करताना फोटोंच्या छोट्या प्रती दाखवतात आणि मूळ फाईल एक्सपोर्टच्या वेळीच उघडतात, म्हणून जुन्या मशीनवरही ती हलकी वाटतात. दुसरी गंमत अशी की २४ मेगापिक्सेलचा फोटो असतो ६००० बाय ४०००, तो पूर्ण स्प्रेडभर ताणला तर १६६ डीपीआयच उरतो आणि ३ : १ चा आकार बसवायला उंचीतला अर्धा फोटो कापला जातो, डोकी किंवा पाय यातलं एक जाणारच. चांगलं सॉफ्टवेअर अशा वेळी फोटो कमी पडतोय म्हणून इशारा देतं. ही सोय जाहिरातीत कुठेतरी कोपऱ्यात असते, पण माझ्या मते टेम्प्लेटपेक्षा जास्त कामाची आहे.

आकार, ब्लीड (कडेला कापला जाणारा जादा भाग), सेफ एरिया (कापाकापीत न सापडणारा आतला भाग) आणि मधली घडी हे सगळं लॅब ठरवते, आपण नाही. लॅबचे आकार आधीच भरलेले असतील तर उत्तम, नसतील तर स्वतःचा आकार टाकून तो सेव्ह करता आला पाहिजे, आणि घडीची रेघ पानावर दिसली पाहिजे. लेफ्लॅट बाइंडिंगमध्ये पान सपाट उघडतं म्हणून लोक निर्धास्त होतात, तरी घडीवर नवरीचा चेहरा ठेवू नये.

रंगाच्या बाबतीत गोंधळ फार. फोटो पेपरवर छापणाऱ्या लॅबची मशिनं लाल, हिरव्या, निळ्या उजेडाने कागद एक्सपोज करतात, त्यांना आरजीबी (याच तीन रंगांची) फाईल लागते आणि बहुतेक वेळा एसआरजीबी, म्हणजे त्यातला सगळ्यात सर्रास वापरला जाणारा प्रकार, मागतात. सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई) हा शाईच्या छपाईचा विषय, आणि तिथेही बऱ्याच प्रेसवाल्यांना आरजीबीच चालतं, विचारून घ्यावं. सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करताना प्रोफाइल, म्हणजे फाईलमधले रंग कसे वाचायचे याची नोंद, जोडतंय का एवढं तपासा. अ‍ॅडोबी आरजीबीचे (जास्त रंग मावणारा आरजीबीचाच दुसरा प्रकार) फोटो प्रोफाइलशिवाय गेले की छपाईत फिके पडतात आणि खापर लॅबवर फुटतं.

लग्नात दोन-तीन कॅमेरे असतात आणि सॉफ्टवेअर फोटो लावतं ते काढल्याच्या वेळेनुसार, त्यामुळे एका कॅमेऱ्याचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असेल तर वरमाला आधी आणि नवरीची एन्ट्री नंतर असा प्रकार होतो (माझ्याकडून झालाय). फायलींच्या नावातले शेवटचे चार आकडे ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीला येतात, म्हणून दोन कॅमेऱ्यांत एकाच नावाचे फोटो सापडतात, आणि फोल्डर हलवल्यावर लिंक पुन्हा जोडताना भलताच फोटो बसू शकतो. आयात करण्याआधी नावं बदलून घ्या, विषय संपला.

पोर्ट्रेटच्या अल्बमला एवढा पसारा लागत नाही, पंधरा-वीस फोटो, पानाला एक, खरं काम त्वचेच्या रिटचिंगचं. तिथे फोटोशॉप पुरतं.

देवनागरी किंवा अरबीत नावं टाकायची असतील तर ट्रायलमध्येच जोडाक्षरं टाइप करून बघा, काही सॉफ्टवेअरमध्ये 'श्री'चे तुकडे होतात. अ‍ॅडोबीच्या काही आवृत्त्यांत त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर (अशा लिप्यांची अक्षरं नीट जोडणारी सेटिंग) चालू करावा लागतो.

क्लायंटला अल्बम ऑनलाइन दाखवून प्रत्येक पानावर शेरा लिहून घेण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, फोनवरच्या "तिसऱ्या पानावरचा तो मामांचा फोटो"पेक्षा हे बरंच बरं. पैसे सब्स्क्रिप्शनने द्यायचे की एकदाच, हे वर्षाला किती अल्बम करता त्यावर आहे. मात्र सब्स्क्रिप्शन बंद केल्यावर जुनी फाईल उघडते का ते आधी विचारा. सॉफ्टवेअरच बंद पडण्याचं उदाहरणही आहे, अ‍ॅपलचं अ‍ॅपर्चर २००५ मध्ये आलं, त्यात पुस्तकं लावता यायची, २०१४ मध्ये कंपनीने ते थांबवत असल्याचं सांगितलं आणि पुढच्या वर्षी विक्री बंद. ज्यांनी पानांच्या जेपेग काढून ठेवल्या होत्या त्यांचे अल्बम पुन्हा छापता येतात.

ट्रायल घेतली की नवीन लग्न लावून बघू नका. आधीच पूर्ण केलेलं एक घ्या, त्यात क्लायंटने सांगितलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्याच क्रमाने करा आणि घड्याळ लावा.