पावलाची गरज आणि बुटाची किंमत

चालण्याचा व्यायाम किंवा एरोबिक्सचा वर्ग सुरू करायचे ठरले की पहिला खर्च बुटांचा येतो. दुकानातल्या फळीवर एकाच कंपनीचे दोन जोड शेजारी ठेवलेले असतात, एकाची किंमत दुसऱ्याच्या तिप्पट असते, आणि ती तशी का आहे याचे समाधानकारक उत्तर विक्रेत्याकडून क्वचितच मिळते. हे उत्तर बुटात शोधण्यापूर्वी पावलात शोधलेले बरे.

मानवी पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. चालताना आधी टाच टेकते, मग भार तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकत चवड्यावर येतो आणि शेवटी अंगठ्याच्या रेट्याने पाऊल उचलले जाते. या क्रियेत एक ना एक पाय सतत जमिनीवर असतो, शरीर क्षणभरही हवेत नसते. चालणे आणि धावणे यांतील खरा भेद वेगाचा नसून हाच आहे. त्यामुळे साध्या चालीत जमिनीकडून पावलावर येणारे बल शरीराच्या वजनापेक्षा थोडेच अधिक, फार तर सव्वापटीच्या आसपास असते, तर धावताना ते दुपटीपासून तिपटीपर्यंत जाते. धावण्याच्या महागड्या बुटांतील जाड, मऊ थर हा या दुप्पट-तिप्पट बलाचा विचार करून बनवलेला असतो. चालणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजले तर ते वाया जातातच असे नाही, पण त्यातला बराचसा भाग वापरलाच जात नाही. चालण्याच्या बुटाला याहून साध्या गोष्टी लागतात: टाच टेकताना सहज पुढे वळावी अशी मागची किंचित तिरकी कडा, चवड्यापाशी सहज वाकणारा तळ आणि बोटांना पसरायला पुरेशी जागा.

सुरुवातीच्या एरोबिक्सचे गणित थोडे वेगळे आहे. उड्या कमी असल्या तरी हालचाल एकाच दिशेची नसते. पाऊल बाजूला टाकायचे, लगेच परत आणायचे, चवड्यावर अर्धी गिरकी घ्यायची, असा क्रम चालू राहतो. बाजूला टाकलेले पाऊल थांबते, परंतु वरचे शरीर त्याच दिशेने पुढे जाऊ पाहते, आणि त्या क्षणी बुटाची बाहेरची कडा टेकू बनते. तळ जितका उंच तितका घोटा त्या टेकूपासून वर राहतो, तरफेचा हात लांबतो आणि पाऊल आतल्या बाजूला मुरगळवणारा रेटा अधिक परिणामकारक ठरतो. घोटा मुरगळण्याच्या बहुतेक घटनांत बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडे जोडणारे चिवट पट्टे, दुखावतात ते याच कारणाने. म्हणूनच उंच टाचेचा, तळाशी बाहेर पसरत गेलेला धावण्याचा बूट एरोबिक्सला घालू नये, मग तो कितीही उत्तम असो. खोल खाचांचा तळही नको. खाचा जमिनीला धरून ठेवतात, गिरकी घेताना पाऊल फिरत नाही आणि तो पीळ गुडघ्याला सोसावा लागतो.

१९८२ मध्ये रीबॉकने स्त्रियांच्या एरोबिक्ससाठी ‘फ्रीस्टाइल’ हा बूट बाजारात आणला, तेव्हा या व्यायामाची लाट जोरात होती. त्याच दशकात एरोबिक्स शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत नडगीच्या दुखण्याच्या तक्रारी आघाडीवर होत्या. पुढे एक पाय सदैव जमिनीवर ठेवणारा सौम्य प्रकार रुजला, आणि नवशिक्यांना आज बहुधा तोच शिकवला जातो. या सौम्य प्रकारासाठी आणि रोजच्या चालण्यासाठी दोन वेगळे जोड घेण्याची गरज नाही. कमी उंचीच्या टाचेचा, रुंद व सपाट तळाचा, बाजूंना घट्ट पकड असलेला बूट दोन्ही कामे करतो. दुकानांत तो ‘ट्रेनिंग’ किंवा ‘क्रॉस-ट्रेनिंग’ या नावाखाली मिळतो. आठवड्यातून बराच वेळ धावण्याचा बेत असेल तर मात्र दुसरा जोड लागेल.

आता किंमतीकडे वळू. बुटाचा धक्का शोषणारा भाग म्हणजे सुखतळा आणि बाहेरचा रबरी तळ यांच्यामधला फोमचा थर. बहुतेक बुटांत तो इथिलीन व्हिनाइल ॲसिटेटचा, म्हणजे ईव्हीएचा असतो. त्यात बंद तोंडाचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. भार आला की ते दबतात आणि भार गेला की बरेचसे पूर्ववत होतात. ईव्हीए हे स्वस्त बुटांतही असते आणि महागांतही. महाग जोडांत अधिक हलका व अधिक उसळी देणारा फोम, विणलेला वरचा भाग, पारदर्शक कप्पे, नवी रंगसंगती आणि अर्थातच जाहिरात यांची भर पडते. स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन कंपन्यांचे कमी, मध्यम आणि जास्त किमतीचे धावण्याचे बूट घेऊन तळव्यावरील दाब मोजला. कमी आणि मध्यम किमतीचे बूट दाब कमी करण्यात महागड्यांच्या तोडीस तोड ठरले, आणि बूट आरामदायी वाटणे हे किमतीशी जोडलेले आढळले नाही.

पावलाची कमान पाहून बूट सुचवण्याची पद्धतही तपासली गेली आहे. अमेरिकी सैन्यदलांतील नवीन भरतीच्या जवानांना कमानीच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले, पण सरसकट एकाच प्रकारचा बूट मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठातील संशोधक बेन्नो निग यांनी २०१५ मध्ये मांडलेला विचार याच्याशी जुळतो: घालून पाहिल्यावर जो बूट पावलाला खरोखर सुखावह वाटतो, तोच बहुधा त्या पावलाच्या स्वाभाविक हालचालीला कमीत कमी अडवतो. दुकानातल्या यंत्रावर ठसा घेऊन मिळालेल्या रंगीत चित्राला माझ्या मते याहून अधिक मान देऊ नये. नुसत्या चालण्याने स्नायू घडवण्याचे आश्वासन देणाऱ्या गोलाकार तळाच्या ‘टोनिंग’ बुटांचे तर प्रकरणच झाले. पुरेशा पुराव्याविना केलेल्या दाव्यांबद्दल फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेशी तडजोड करताना रीबॉकला २०११ मध्ये अडीच कोटी डॉलर आणि स्केचर्सला २०१२ मध्ये चार कोटी डॉलर देणे मान्य करावे लागले.

याचा अर्थ सर्वांत स्वस्त जोड उचलावा असा नव्हे. किमतीला खालची एक मर्यादा आहे आणि ती हाताने चाचपता येते. बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा. तो सरळ उभा राहिला पाहिजे, एका बाजूला कललेला नको. टाचेमागचा कप अंगठा व तर्जनी यांत धरून दाबावा. तो लगेच चेपला तर आत पातळ पुठ्ठ्यासारखे काहीतरी आहे आणि टाच त्यात डगमगेल. मग टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून बूट वाकवावा. तो चवड्यापाशी, जिथे बोटे वाकतात तिथे, वाकायला हवा. बरोबर मध्यावर घडी पडत असेल तर कमानीखाली आधारच नाही. तसाच धरून पिळून पाहिल्यास थोडा विरोध जाणवावा. शेवटी तळ व वरचा भाग जिथे चिकटवले आहेत ती रेषा बोटाने तपासावी, कारण स्वस्त बुटांचे आयुष्य बहुधा फोम नव्हे, तर हा चिकट सांधा संपवतो.

मापाच्या बाबतीत छापील आकड्यावर विसंबू नये. युरोपीय पद्धतीत दोन लगतच्या मापांत ६.६७ मिलीमीटरचे अंतर असते, इंग्लिश पद्धतीत एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे सुमारे ८.५ मिलीमीटरचे. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा निराळा, त्यामुळे तोच आकडा दोन कंपन्यांत दोन प्रकारे बसतो. दिवसभरात पावले किंचित सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी, व्यायामाला घालायचे तेच मोजे घालून करावी, आणि दोन्ही पाय उभे राहून मोजावेत. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. माप त्या मोठ्या पायाचे घ्यावे.

एक युक्ती फारच कमी लोक वापरतात. बुटातला सुखतळा निघत असेल तर तो काढून जमिनीवर ठेवावा आणि टाच बरोबर जुळवून त्यावर पूर्ण भार देऊन उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरते का आणि चवडा दोन्ही बाजूंनी कडेबाहेर जातो का, हे डोळ्यांना लगेच दिसते. चवडा बाहेर येत असेल तर मोठे माप मागणे हा उपाय नव्हे, कारण लांबी वाढली की टाच सैल पडते. रुंद साच्याचा बूट मागावा. वापरून वापरून सैल होईल हा भरवसाही ठेवू नये. दुकानात चावणारा बूट घरीही चावतोच.

मोज्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर निव्वळ सुती मोजे घाम धरून ठेवतात, ओल्या त्वचेवर घर्षण वाढते आणि फोड येतात. कृत्रिम धाग्याचे मिश्रण असलेले मोजे अधिक बरे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी ‘आरामदायी वाटतो’ या निकषावर अवलंबून न राहता डॉक्टरांचा सल्ला घेऊनच बूट निवडावा.

पैसे वाचवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे मागील वर्षीचे मॉडेल घेणे, कारण नव्या आवृत्तीत पुष्कळदा रंग आणि शिलाईच बदललेली असते. मात्र फार जुना साठा नको. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तरी पाण्याच्या वाफेशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने ठिसूळ होतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याचे तुकडे पडू शकतात. वाकवताना तळावर बारीक भेगा दिसल्या तर तो जोड सवलतीतही महागच.

धावण्याच्या बुटांसाठी साधारण ५०० ते ८०० किलोमीटरची मर्यादा सांगितली जाते. चालण्यात बल कमी असल्याने बूट अधिक टिकतो, पण फोम बाहेरून न दिसता बसत जातो, हे लक्षात ठेवावे. मधल्या थरावर बाजूने आडव्या सुरकुत्या पडल्या, अंगठ्याने दाबल्यावर तो दबेनासा झाला किंवा टाचेचा तळ एका कडेने झिजून बूट कलू लागला की तो जोड व्यायामातून काढावा. किरकोळ कामांसाठी तो आणखी काही महिने चालतो.