घरगुती गरम पाणी : ऊर्जाकार्यक्षम साधनांकडे बदल

घरात आंघोळीसाठी, भांडी-कपडे धुण्यासाठी व इतर स्वच्छतेसाठी लागणारे पाणी कमीत कमी वीज किंवा इंधन खर्चून तापवणे, साठवणे आणि नळापर्यंत पोहोचवणे यासाठीची व्यवस्था, तसेच जुन्या साधनांच्या जागी ती बसवण्याची प्रक्रिया. जुना गीझर काढून हीट पंप, सौरबंब किंवा संघनन पद्धतीचा गॅस गीझर बसवणे हा या बदलाचा डोळ्यांना दिसणारा भाग होय. पाण्याचा वापर, पाइपांची लांबी, टाकीवरचे आवरण आणि थर्मोस्टॅटचा आकडा हा न दिसणारा भाग. तो तसाच ठेवून नुसते यंत्र बदलले तर निम्मे काम राहून जाते. अमेरिकेत घरगुती ऊर्जेपैकी सुमारे १८ टक्के, तर युरोपीय संघात सुमारे १५ टक्के ऊर्जा पाणी तापवण्यात खर्च होते. बहुतेक घरांत मात्र याचे वेगळे बिल येत नसल्याने हा खर्च कोणाच्या नजरेस पडत नाही.

पाणी तापवायला किती उष्णता लागते हे निसर्गाने ठरवून ठेवले आहे. १ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत नेण्यासाठी सुमारे ४ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता द्यावीच लागते. विजेच्या गीझरमधला एलिमेंट पाण्यातच बुडलेला असतो आणि घेतलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णता पाण्याला देतो. त्यामुळे एलिमेंट अधिक कार्यक्षम करून काही हाती लागत नाही. बचत करायची तर पाणी कमी वापरावे लागते, साठ्यातून निसटणारी उष्णता अडवावी लागते, नाहीतर उष्णता विजेतून निर्माण न करता हवेतून, उन्हातून किंवा सांडपाण्यातून उचलावी लागते.

इतिहास : ‘गीझर’ हे नाव आइसलँडमधील गेसिर या उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून आले. लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ साली गॅसवर पाणी तापवणाऱ्या आपल्या उपकरणाला ते दिले. त्याला धूर बाहेर नेणारी नळी नव्हती, त्यामुळे ते घरात वापरणे धोक्याचे होते. १८८९ साली नॉर्वेत जन्मलेले अभियंते एडविन रूड यांनी पिट्सबर्ग येथे आपोआप चालू-बंद होणारा साठवणीचा गीझर तयार केला. उन्हावर पाणी तापवणेही तितकेच जुने आहे. बाल्टिमोरचे क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ साली ‘क्लायमॅक्स’ या सौर तापकाचे एकस्व घेतले. त्यात काच बसवलेल्या पेटीत पाण्याच्या काळ्या टाक्या असत. दिवसभर तापलेले पाणी रात्री त्याच टाक्यांत थंड होऊन जाई. १९०९ साली विल्यम बेली यांनी उन्हाचा संग्राहक आणि आवरण घातलेली टाकी वेगवेगळी केली. पहाटेही गरम पाणी मिळू लागले, म्हणून त्या साधनाचे नावच ‘डे अँड नाइट’ पडले. आजचा सौरबंब याच रचनेचा वारस आहे. कॅलिफोर्नियात स्वस्त नैसर्गिक वायू आला आणि हा धंदा मागे पडला. तंत्र वाईट नव्हते, इंधन स्वस्त झाले होते, आणि हीच गोष्ट पुढेही अनेक देशांत घडलेली दिसते. उलट इस्राएलने १९८० साली नव्या निवासी इमारतींना सौर तापक सक्तीचे केले आणि तिथल्या गच्च्यांवर पांढऱ्या टाक्यांची रांग हे नेहमीचे दृश्य झाले.

हीट पंप : सध्या या बदलाचा सर्वांत मोठा भार हीट पंपावर आहे. तो फ्रिजसारखाच चालतो, फक्त त्याचा उपयोग उलट बाजूने केलेला असतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप भोवतालच्या हवेतली उष्णता काढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. नळीत फिरणारे शीतक कमी दाबाखाली उकळते व हवेची उष्णता शोषते, कॉम्प्रेसर त्याला दाबून तापवतो आणि टाकीभोवतीच्या किंवा टाकीतल्या कॉइलमध्ये ते पुन्हा द्रव होताना ती उष्णता पाण्याला मिळते. वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंख्याला लागते. म्हणून १ युनिट विजेत साधारण ३ ते ४ युनिट उष्णता पाण्यात पोहोचते. या गुणोत्तराला कार्यमान गुणांक म्हणतात. वरच्या उदाहरणातील १०० लिटर पाण्याला एलिमेंटवर ४ युनिट वीज लागते. गुणांक ३ असलेल्या हीट पंपाला सव्वा ते दीड युनिट पुरते.

हा गुणांक मात्र बारा महिने एकसारखा राहत नाही. हवा जितकी थंड आणि पाणी जितके गरम हवे, तितका तो घसरतो. बाष्पकावर, म्हणजे शीतक जिथे उकळते त्या भागावर, दहिवर गोठले की यंत्राला थोडा वेळ ते वितळवण्यात घालवावा लागतो. कडाक्याच्या थंडीत बरीच यंत्रे मदतीला विजेचा एलिमेंट चालू करतात. हा एलिमेंट कधी लागतो हे खरेदीपूर्वी समजून घेणे अत्यंत गरजेचे आहे, कारण चुकीच्या सेटिंगवर तो रोजच चालू राहतो आणि घरमालकाला ते बिल येईपर्यंत कळत नाही. कार्बन डायऑक्साइडचे शीतक वापरणारे, थंड हवेतही पाणी ९० अंशांच्या आसपास नेऊ शकणारे हीट पंप जपानमध्ये २००१ साली ‘इकोक्यूट’ या नावाने बाजारात आले. शीतकाची निवड ही दुय्यम बाब नाही. पूर्वी सर्रास वापरले जाणारे आर-१३४ए हे शीतक गळले तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक भरतो. प्रोपेनचा परिणाम अगदी अल्प असतो. प्रोपेन ज्वालाग्राही असल्याने ते कमी प्रमाणात आणि नियम पाळून भरले जाते.

हीट पंपाची उष्णता देण्याची गती कमी असते, हे जुन्या गीझरची सवय असलेल्यांना सुरुवातीला जाचते. २ किलोवॉट उष्णता देणाऱ्या यंत्राला २०० लिटर पाणी ३५ अंशांनी वाढवायला चार तास लागतात. म्हणून टाकी मोठी घ्यावी लागते आणि तापवण्याची वेळ आधी ठरवावी लागते. दुपारी हवा उबदार असते व छतावर सौर पॅनेल असतील तर वीजही घरचीच असते, त्यामुळे ती वेळ उत्तम. अशा वेळी गरम पाण्याची टाकी हीच घरातली स्वस्त बॅटरी ठरते. जागेचा विचारही करावा लागतो. यंत्र हवेतली उष्णता ओढून थंड हवा बाहेर सोडते. ते बंद, लहानशा खोलीत ठेवले तर स्वतःच थंड केलेली हवा पुन्हा पुन्हा घेत राहते आणि गुणांक कोसळतो. बाष्पकावर साचलेले पाणी वाहून जायला नळी लागते, आणि पंख्याचा आवाज शेजाऱ्याच्या झोपण्याच्या खिडकीखाली जाणार नाही हे पाहावे लागते.

सौरबंब : यात सपाट पत्र्याचे आणि निर्वात काचनळ्यांचे असे दोन संग्राहक प्रचलित आहेत. टाकी संग्राहकाच्या वर ठेवली तर पंप लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली उतरते आणि अभिसरण आपोआप सुरू राहते. चांगला संग्राहक आपल्यावर पडलेल्या उन्हापैकी जवळपास निम्मी उष्णता पाण्यात उतरवतो. सौर वीज पॅनेल उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत रूपांतरित करतो, पण ती वीज गुणांक ३ असलेल्या हीट पंपाला दिली की हिशेब साठ टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे छताची जागा थोडी असेल तर आज ही जोडी सौरबंबाच्या बरोबरीने विचारात घ्यावी लागते. सौरबंबाचे बलस्थान त्याच्या साधेपणात आहे. हलणारे भाग नसतात आणि बिघडण्यासारखे फारसे काही नसते. ढगाळ दिवसांसाठी त्याला पूरक एलिमेंट असतो. तो उन्हाच्या दिवशी बंद ठेवण्याची सोय नसेल तर तो उन्हाचे काम आपल्याकडे घेतो. गोठणाऱ्या हवामानात संग्राहकात थेट पाणी न फिरवता गोठणरोधक द्रव फिरवून त्याची उष्णता टाकीला दिली जाते.

गॅस आणि तात्काळ गीझर : संघनन पद्धतीचा गॅस गीझर जळालेल्या वायूतील वाफ थंड करून तिची सुप्त उष्णताही वापरतो, म्हणून तो साध्या गॅस गीझरपेक्षा कमी इंधन घेतो. तरीही तो इंधन जाळणारेच यंत्र आहे. कोणताही गॅस गीझर, विशेषतः बाहेर धूर नेणारी नळी नसलेला, बंद न्हाणीघरात कधीही लावू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही. टाकीविना चालणाऱ्या विजेच्या तात्काळ गीझरमध्ये साठ्याची उष्णता वाया जात नाही, परंतु मिनिटाला ८ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जवळपास १७ किलोवॉट एकदम लागतात. ३ किलोवॉटचे छोटे यंत्र तेवढ्याच तापमानवाढीसाठी मिनिटाला जेमतेम दीड लिटर देते.

पाणी, पाइप आणि सांडपाणी : मिनिटाला १२ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ८ मिनिटांची आंघोळ म्हणजे ९६ लिटर पाणी. थंड पाणी २० अंशांचे आणि आंघोळीचे ४० अंशांचे धरले तर त्यात सुमारे २.२ युनिट उष्णता जाते. शॉवर ७ लिटरचा केला की ती १.३ युनिटांवर येते. त्यातच गुणांक ३ असलेला हीट पंप जोडला तर वीज लागते सुमारे ०.४३ युनिट, म्हणजे मूळच्या पाचव्या हिश्श्याइतकी. एका शॉवरच्या तोंडाने यंत्राइतके नाही तरी यंत्राला शोभेल इतके काम केलेले असते, आणि ते बदलायला पान्हा व दहा मिनिटे पुरतात.

पाइपातले नुकसान घरी तपासून पाहता येते. सकाळी गरम पाण्याचा नळ उघडा आणि हाताखाली मापाचे भांडे धरा. पाणी कोमट होईपर्यंत भांड्यात जे साठते ते काल रात्री तापवलेले आणि पाइपातच थंड झालेले पाणी असते. आतून १५ मिलिमीटर व्यासाच्या १० मीटर पाइपात सुमारे पावणेदोन लिटर पाणी उभे असते. दिवसातून दहा वेळा नळ उघडला तर तितक्या वेळा ते वाया जाऊ शकते. टाकी नळाजवळ आणणे, पाइप बारीक ठेवणे आणि त्यावर फोमचे आवरण चढवणे हे उपाय घर बांधतानाच करणे सोपे पडते. शॉवरचे सांडपाणी उभ्या तांब्याच्या पाइपातून नेऊन त्याच्याभोवतीच्या वेटोळ्यातून येणारे थंड पाणी आधीच कोमट करणारे साधनही आहे. आंघोळ सुरू असतानाच थंड पाणीही आत येत असते, म्हणून ते शॉवरला लागू पडते; टबात भरून ठेवलेल्या पाण्याला त्याचा फायदा नाही.

तापमान : थर्मोस्टॅट खाली आणल्याने उष्णता कमी निसटते, पण त्याला मर्यादा आहे. लीजनेला हा फुप्फुसांना घातक जीवाणू सुमारे २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका अधिवेशनात पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीतून त्याचा शोध लागला. म्हणून साठवणीच्या टाकीतील पाणी ६० अंशांच्या आसपास ठेवावे किंवा ठरावीक दिवसांनी तिथवर न्यावे असा सल्ला दिला जातो. परंतु ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, आणि लहान मुले व वृद्धांची त्याहून लवकर. दोन्ही धोके टाळायला टाकीच्या तोंडाशी थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवतात. यात टाकीचाही लाभ होतो : ६० अंशांचे १०० लिटर पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळले की ४० अंशांचे २०० लिटर मिळते.

बदलाची वेळ : प्रस्तुत लेखकाच्या मते या सगळ्यात कठीण गोष्ट तांत्रिक नाही. गीझर बहुधा अचानक मरतो. टाकी गळू लागते, घरात गरम पाणी नाही, लहान मूल आहे किंवा कोणी आजारी आहे, आणि त्याच दिवशी जे दुकानात हजर असेल ते बसवले जाते. हजर असतो तो जुन्यासारखाच एलिमेंटचा गीझर, कारण हीट पंपासाठी जागा पाहायला, सांडपाण्याची नळी काढायला आणि मोठी टाकी आत आणायला वेळ लागतो. एकदा नवी टाकी बसली की पुढची दहा-बारा वर्षे ती काढायचे कोणाच्या मनात येत नाही.

टाकीचे वय तिच्या ॲनोडवरून कळते. पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा दांडा बसवलेला असतो, तोच ॲनोड. तो स्वतः झिजून टाकीला गंजू देत नाही. नवा असताना अंगठ्याइतका जाड असलेला हा दांडा काही वर्षांनी बाहेर काढला तर पोखरलेला, मध्येच नुसती आतली तार उघडी पडलेला सापडतो. ती तार दिसली की दांडा लगेच बदलावा, आणि बराच काळ ती तशीच उघडी असेल तर टाकीने गंजायला सुरुवात केली असे धरावे. जड पाण्याच्या भागात एलिमेंटवर क्षारांचे पांढरे कवच चढते. ते उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही, एलिमेंट आतून जास्त तापतो व जळतो. टाकीच्या तळाशी साचलेला गाळ वर्षातून एकदा सोडून द्यावा. नळाला तांबूस पाणी येणे, तापताना टाकीतून खडखड आवाज येणे, दाब सोडणारा व्हॉल्व्ह सतत ठिबकणे यांपैकी काही दिसले की टाकी चालू असतानाच पुढच्या साधनाची जागा मोजून ठेवावी, स्वतंत्र वीजजोडणी व सांडपाण्याची वाट करून घ्यावी आणि कुटुंबाच्या सकाळच्या वापरावरून टाकीचा आकार ठरवावा. जुना हीट पंप काढताना त्यातील शीतक हवेत न सोडता प्रशिक्षित कारागिराकडून परत काढून घेतले जाते. जुन्या गीझरचे तांबे, पोलाद आणि पितळ मात्र सरळ भंगारात जाऊन पुन्हा वापरात येते.